पिस्टनखालची पोकळी

टू-स्ट्रोक इंजिनाबद्दल आपल्याकडे साधारण दोन सुरांत बोललं जातं. पहिला सूर आठवणींचा: वडिलांची चेतक, पुढच्या मोकळ्या जागेत उभं राहून केलेला प्रवास, कॉलेजच्या बाहेर ऐकलेला आरएक्स हंड्रेडचा आवाज. दुसरा सूर तक्रारीचा: रिक्षाच्या मागे अडकल्यावर नाकात शिरणारा निळा धूर. दोन्ही सुरांत इंजिनाच्या आत काय चालतं याचा पत्ता नसतो. वास्तविक ती आठवण आणि तो धूर एकाच जागेतून निघतात. ती जागा म्हणजे पिस्टनच्या खालची पोकळी, म्हणजे क्रँककेस, आणि तिथून वर सिलिंडरमध्ये जाणाऱ्या वाटा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट. हा लेख त्या पोकळीचा आणि त्या वाटांचा इतिहास आहे. तो बाथ नावाच्या इंग्लिश गावात सुरू होतो, आकुर्डीत बराच काळ मुक्काम करतो आणि सध्या जव्हार-मोखाड्याच्या माळावर येऊन ठेपला आहे.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, मूळचा जव्हारचा, नोकरीला पुण्यात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सगळ्या शाखांना सक्तीच्या असलेल्या मेकॅनिकलच्या विषयात टू-स्ट्रोकची आकृती काढली की चार मार्क मिळायचे, तेवढाच माझा या इंजिनाशी शैक्षणिक संबंध. पण त्या आकृतीत एक गोष्ट सांगायची राहून जाते, आणि ती कळली की पुढचा सगळा इतिहास उलगडतो. म्हणून आधी ती.

जे दार आधी उघडतं

चार फेऱ्यांच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन एकदा खाली येताना हवा-पेट्रोल आत ओढतो, वर जाताना दाबतो, जळाल्यावर खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर जाताना जळका वायू बाहेर घालवतो. आत घेणं आणि बाहेर टाकणं यासाठी त्याला पूर्ण दोन फेऱ्या मिळतात, आणि दारं उघडायला-मिटायला व्हॉल्व्ह असतात. टू-स्ट्रोकमध्ये या दोन फेऱ्याच काढून टाकल्या आहेत. पिस्टन खाली पोचतो न पोचतो तोच जळका वायू बाहेर गेला पाहिजे, ताजं मिश्रण आत आलं पाहिजे आणि पिस्टन पुन्हा वर निघाला पाहिजे.

मग ताजं मिश्रण आत ढकलणार कोण? स्कॉटलंडच्या ड्युगाल्ड क्लर्कने १८८१च्या पेटंटात यासाठी शेजारी दुसरा सिलिंडर ठेवला होता, फक्त पंपाचं काम करणारा. यंत्र चाललं, पण एका इंजिनाच्या कामाला दोन सिलिंडर लागले. १८९१ साली बाथच्या जोसेफ डेने वेगळी युक्ती पेटंट केली. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खाली पोकळी वाढते, खाली येतो तेव्हा ती आकुंचते. म्हणजे पंप तिथे आधीपासून आहेच. फक्त ती पोकळी हवाबंद करायची, वर जाताना तिच्यात मिश्रण ओढून घ्यायचं आणि खाली येताना ते बाजूच्या वाटेने सिलिंडरमध्ये सोडायचं. डेच्या कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉकने पुढच्याच वर्षी आणखी एक सुधारणा केली: मिश्रण आत घेण्याचं छिद्रही पिस्टनच्या खालच्या कडेनेच उघडायचं-मिटायचं. आता व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, स्प्रिंग नाही. सिलिंडरच्या भिंतीत तीन छिद्रं आणि हलणारे भाग तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. जगातलं सगळ्यात स्वस्त पेट्रोल इंजिन तयार झालं.

त्या चार मार्कांच्या आकृतीत राहून जाते ती गोष्ट अशी. छिद्रं भिंतीत आहेत आणि ती उघडणारा-मिटणारा एकच, पिस्टन. पिस्टन खाली जाताना जो क्रम असतो, वर येताना नेमका त्याच्या उलटा. जळक्या वायूचा दाब आधी उतरायला हवा, म्हणून एक्झॉस्टचं छिद्र वर असतं आणि आधी उघडतं. ट्रान्सफरचं छिद्र थोडं खाली असतं, नंतर उघडतं. मग परत येताना काय होणार? ट्रान्सफर आधी मिटणार आणि एक्झॉस्ट नंतर. जे दार आधी उघडतं तेच शेवटी मिटतं. म्हणजे ताजं मिश्रण आत भरलं जात असतानाच नव्हे, तर भरून झाल्यानंतरही काही क्षण बाहेरचं दार उघडंच असतं. कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये आत आलेल्या पेट्रोलपैकी १५ ते ४० टक्के न जळता तसंच बाहेर जातं, असं अभ्यासक सांगतात. रिक्षामागच्या वासात निम्मं कच्चं पेट्रोल असतं ते यामुळे.

यावर कुणी म्हणेल, छिद्रांची उंची बदला. बदलता येत नाही. ही कारागिरीतली चूक नाही, तो त्या रचनेचाच भाग आहे. पुढची शंभर वर्षं जगभरचे लोक ट्रान्सफर पोर्टशी झटत राहिले ते एवढ्याचसाठी, की दार उघडं असतानाही आलेला पाहुणा घरातच कसा थांबेल.

पिचकारी आणि जीभ

सुरुवातीचा उपाय ओबडधोबड होता. पिस्टनच्या माथ्यावर एक उंचवटा ठेवायचा, म्हणजे समोरून येणारी मिश्रणाची पिचकारी त्यावर आपटून वर वळेल आणि थेट समोरच्या एक्झॉस्टमध्ये जाणार नाही. पण त्या उंचवट्यामुळे पिस्टन जड व्हायचा आणि तापायचा.

खरा बदल जर्मनीत झाला. अडॉल्फ श्नुर्ले या इंजिनिअरने १९२०च्या दशकाच्या मध्यावर असं सुचवलं, की ट्रान्सफरची छिद्रं एक्झॉस्टच्या समोर ठेवूच नका. ती त्याच्या दोन बाजूंना ठेवा आणि त्यांची तोंडं एक्झॉस्टकडे पाठ करून वळवा. दोन बाजूंनी आलेल्या धारा मागच्या भिंतीपाशी भेटतील, भिंतीला धरून वर चढतील, माथ्यावर वळतील आणि खाली येताना जळका वायू आपल्यापुढे ढकलत एक्झॉस्टकडे नेतील. पिस्टनचा माथा सपाट राहिला तरी चालेल. डीकेडब्ल्यू कंपनीने हा हक्क घेतला आणि १९३०च्या दशकात तिच्या मोटरसायकली युरोपभर पसरल्या. महायुद्धानंतर ही पद्धत जवळपास सगळ्या टू-स्ट्रोकवाल्यांनी उचलली.

यात सगळं अवलंबून असतं ते धारांच्या दिशेवर. दोन वाटांपैकी एक किंचित रुंद असली, सिलिंडर आणि क्रँककेस जिथे जुळतात तिथे गॅस्केटची कड आत आली असली, ओतकामात वाटेचं वळण थोडं चुकलं असलं, की दोन्ही धारा मध्यावर भेटत नाहीत. ड्रेस्डेनच्या आल्फ्रेड यान्टे यांनी १९६८ साली यासाठीची एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. सिलिंडरचं हेड काढायचं, वर वेगाच्या नळ्यांची फणी बसवायची, खालून हवा सोडायची आणि कुठे किती वेगाने हवा वर येते याचा नकाशा काढायचा. चांगल्या सिलिंडरमध्ये सगळा प्रवाह मागच्या भिंतीला चिकटून असतो. वाईट सिलिंडरमध्ये त्यातून एक 'जीभ' पुढे, एक्झॉस्टच्या बाजूला आलेली दिसते. एकाच आकड्यांची, एकाच घोड्यांची दोन इंजिनं पेट्रोल मात्र वेगवेगळं का पितात, याचं उत्तर अनेकदा त्या जिभेत असतं. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत गॉर्डन ब्लेअर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हेच काम पुढे संगणकावर नेलं.

या सगळ्याला वेळ किती असतो? ५००० आरपीएमला क्रँकची एक फेरी १२ मिलिसेकंदांत होते. ट्रान्सफर पोर्ट साधारण १२० अंश, म्हणजे एक तृतीयांश फेरी उघडा असतो. हिशोब सोपा आहे: ४ मिलिसेकंद. आमच्या धंद्यात डेटाबेसकडून एवढ्या वेळात उत्तर आलं तर कुणी तक्रार करत नाही. इथे तेवढ्या वेळात सगळं घर रिकामं करून पुन्हा भरायचं असतं, तेही सेकंदाला ८३ वेळा.

आकुर्डीचा पंप

इटलीत महायुद्धानंतर विमानं बनवायला मनाई झाली, तेव्हा पियाजिओ कंपनीचे विमान-अभियंते कोराडिनो दास्कानिओ यांनी १९४६ साली व्हेस्पा काढली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन थेट मागच्या चाकाला जोडलेलं, साखळी नाही, कपड्यांना तेल लागायची भीती नाही. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९५०च्या दशकात इनोसेन्टीची लॅम्ब्रेटा बनवायला घेतली. बजाजच्या बछराज ट्रेडिंगने १९४८पासून आयात केलेल्या गाड्या विकल्या आणि पियाजिओशी करार करून १९६१पासून व्हेस्पा १५० इथेच बनवायला सुरुवात केली. १९७१ साली तो करार संपला. १९७२ साली चेतक आली, ती बजाजच्या स्वतःच्या नावाने. त्याच वर्षी कायनेटिकची लुना आली, तीही मुळात पियाजिओच्याच मोपेडवर बेतलेली. पुढे साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सने प्रिया काढली. म्हणजे मुंबई, पुणे, सातारा आणि नगर या पट्ट्यात काही दशकं डेची ती पोकळी कारखान्यांच्या ओळीतून लाखोंनी बाहेर पडत होती.

चेतकचं इंजिन १४५.४५ सीसीचं, ५७ मिलिमीटर बोअर आणि तेवढाच स्ट्रोक. त्याच्या क्रँककेसचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. पिस्टन वर असताना खालच्या पोकळीचं जे आकारमान, त्याला पिस्टन खाली असतानाच्या आकारमानाने भागलं की क्रँककेसचं कॉम्प्रेशन मिळतं. रस्त्यावरच्या टू-स्ट्रोकमध्ये ते साधारण १.३ ते १.५ असतं. समजा १.४ धरलं. मग पिस्टन खाली असताना त्या पोकळीत ३६४ सीसीच्या आसपास जागा उरते, म्हणजे इंजिनाच्या स्वतःच्या क्षमतेच्या अडीचपट. वर सिलिंडरमध्ये मिश्रण सात-आठपट दाबलं जातं, आणि खाली फक्त दीडपटीच्या आत. हा पंप फार दुबळा आहे. सायकलच्या पंपाने टायर भरताना यापेक्षा जास्त दाब आपण सहज निर्माण करतो.

दुबळ्या पंपाचा अर्थ असा, की गळती अजिबात परवडत नाही. स्कूटरवाले मेकॅनिक 'ऑइल सील गेलं' म्हणतात तेव्हा त्यांना तेलाची गळती नव्हे, हवेची गळती म्हणायचं असतं. क्रँकच्या टोकाचं रबरी सील कडक झालं की पोकळी बाहेरची हवा ओढते, मिश्रण पातळ होतं, आणि गाडी सोडून दिली तरी इंजिन आपोआप रेस होत राहतं. दुसऱ्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत येतं आणि पांढरा धूर सुटतो. कुठलंही यंत्र न लावता, केवळ धुराचा रंग आणि आवाज यावरून कोणतं सील गेलं हे सांगणारे मेकॅनिक महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्याच्या गावात होते. क्रँककेस कॉम्प्रेशन हा शब्द त्यांनी कधी वापरला नसेल, पण तो विषय त्यांना पाठ होता. सकाळी स्कूटर बाजूला कलती करून मग किक मारायची सवयही त्याच पोकळीशी जोडलेली: कार्ब्युरेटरमधलं थोडं जास्त पेट्रोल तिच्याकडे जावं आणि पहिल्या किकला मिश्रण घट्ट मिळावं.

या पोकळीत आणखी एक घोळ आहे. तिथून पेट्रोल जातं म्हणून तिथे फोर-स्ट्रोकसारखं ऑइल साठवता येत नाही. मग वंगण पेट्रोलमध्येच मिसळायचं, व्हेस्पाच्या घराण्यात एका लिटरला २० मिली. ते वाटेत बेअरिंगना भिजवतं, वर जातं आणि अर्धवट जळून निळा धूर होऊन बाहेर पडतं. विक्रमगडकडून जव्हारला चढताना किंवा मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना टू-स्ट्रोक चढावर कुरकुरत नाही, कारण प्रत्येक फेरीला एक स्फोट मिळतो. खरी काळजी उतारावर घ्यावी लागते. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवला की पेट्रोल थांबतं, आणि पेट्रोल थांबलं की त्याबरोबर वंगणही थांबतं. चाकं मात्र इंजिन फिरवत असतात. म्हणून जुने लोक घाट उतरताना मधूनमधून उगाच ॲक्सिलरेटर पिळायचे. पाहणाऱ्याला ती सवय किंवा हौस वाटायची, पण तो पिस्टन जाम होऊ नये म्हणून वरून दिलेला तेलाचा घोट होता.

एक मिलिमीटर

१९८५ साली भारतात शंभर सीसीच्या दोन मोटरसायकली आल्या. हिरो होंडाची सीडी १०० फोर-स्ट्रोक, ९७.२ सीसी. यामाहाची आरएक्स १०० टू-स्ट्रोक, ९८.२ सीसी. दुसरीची ताकद ११ अश्वशक्ती, पहिलीपेक्षा कितीतरी जास्त. पहिली पेट्रोलला अशी पुरायची की तिची जाहिरातच त्यावर चालली. पुढच्या पंधरा वर्षांत ती पहिली जिंकली, पण प्रेम मात्र दुसरीला मिळालं.

आरएक्स १००मध्ये आत घेण्याच्या छिद्रावर पातळ पात्यांचा रीड व्हॉल्व्ह होता, जो पोकळीत ओढ निर्माण झाली की उघडतो आणि दाब आला की आपोआप मिटतो. व्हेस्पाच्या घराण्यात हेच काम क्रँकची चकती करते. तिच्या परिघाला दिलेली खाच छिद्रासमोर आली की वाट उघडते. कायनेटिक होंडातही रीड व्हॉल्व्हच होता. म्हणजे आत येण्याच्या दाराची 'आधी उघडतं ते शेवटी मिटतं' ही अडचण उद्योगाने सोडवली होती. बाहेर जाण्याच्या दाराची मात्र तशीच ठेवली.

बाहेरच्या दारावर एक उत्तर पूर्व जर्मनीत सापडलं होतं. एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात एक्झॉस्टचा पाइपच असा आकाराला आणला, की बाहेर निघालेली दाबाची लाट आधी ओढ निर्माण करते, ट्रान्सफरमधून जास्त मिश्रण वर खेचते, आणि मग पाइपच्या टोकाकडून परत येऊन बाहेर निसटलेलं मिश्रण दार मिटायच्या आत परत ढकलते. काडेनची १२५ सीसीची गाडी १९६१ साली लिटरला २०० अश्वशक्ती या हिशोबाने ताकद देत होती. त्याच वर्षी त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पश्चिमेकडे पळाला, सुझुकीकडे गेला आणि १९६२ साली सुझुकीने ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. जपानी टू-स्ट्रोकची पुढची सगळी झेप या ज्ञानावर उभी आहे, आणि आरएक्स १०० त्याच वंशातली.

या पाइपमुळे क्रँककेसबद्दलची समजूतही बदलली. आधी रेसिंगवाले पोकळीत ठिगळं भरून ती लहान करायचे, कॉम्प्रेशन वाढवायचे, जेणेकरून खालून जोराचा धक्का मिळेल. पाइप वरूनच ओढून घेऊ लागल्यावर लक्षात आलं की खालच्या धक्क्यापेक्षा खाली पुरेसा साठा असणं जास्त उपयोगी. पण पाइपची लाट एकाच वेगाला वेळेवर पोचते. त्या वेगाच्या वर-खाली ती उशिरा किंवा लवकर येते आणि उलट नुकसान करते.

आपल्याकडे 'पोर्टिंग' या नावाने जे चालायचं आणि अजून चालतं, ते या ज्ञानाचं हाती फाईल धरून केलेलं रूप. सिलिंडर काढायचा, एक्झॉस्टचं छिद्र वरून घासायचं, क्रँककेस आणि सिलिंडरच्या सांध्यावरची ट्रान्सफरची कड जुळवून घ्यायची, हेड लेथवर थोडं उतरवायचं. आरएक्सचा स्ट्रोक ५० मिलिमीटर. एक्झॉस्टचं छिद्र १ मिलिमीटर वर नेलं की ते उघडं राहण्याचा काळ साधारण साडेचार ते पाच अंशांनी वाढतो. हा आकडा मी एका रविवारी पन्नासेक ओळींचा प्रोग्राम लिहून काढला. मेकॅनिकांना तो बोटांत माहीत असतो. त्या एका मिलिमीटरने वरचा वेग वाढतो, खालची ओढ कमी होते आणि निसटण्याची खिडकी आणखी मोठी होते. हायवेवर गाडी उडते आणि घाटाच्या आवळ वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये हुंदके देते. सांध्यावरची कड जुळवणं ही मात्र निखळ सुधारणा असते: ताकदही वाढते, निसटणंही कमी होतं. कारखान्याने ते केलेलं नसतं, कारण प्रत्येक सिलिंडरमागे तेवढा वेळ आणि माणूस लावणं परवडत नाही.

ज्याला पर्याय नव्हता

आता प्रश्न असा, की पेट्रोलचा एवढा मोठा वाटा फुकट जात होता तर गिऱ्हाईक गप्प का बसलं? उत्तर इंजिनाबाहेर आहे. परवाना-राज्यात किती स्कूटर बनवायच्या हे सरकार ठरवायचं. बजाजच्या स्कूटरसाठी आठ-दहा वर्षांची प्रतीक्षायादी असायची. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलरमध्ये पैसे भरले तर लवकर मिळायची, नाहीतर मुलीच्या जन्माच्या वेळी नंबर लावलेला. ज्याला गाडी मिळणं हेच भाग्य, तो ट्रान्सफर पोर्टच्या दिशेबद्दल तक्रार करत नाही. मालक निसटलेल्या पेट्रोलचे पैसे भरत होता, आणि ते पेट्रोल रस्त्यावरचा दुसरा माणूस श्वासात घेत होता. डेने काढून टाकलेल्या व्हॉल्व्हची आणि पंपाची किंमत नाहीशी झाली नव्हती. ती इंजिनातून बाहेर काढून सगळ्यांत वाटली गेली होती.

हे बदललं ते स्पर्धेने आणि कायद्याने. बजाजने स्वतः १९९१ साली कावासाकीबरोबर फोर-स्ट्रोक फोर-एस काढली. त्याच वर्षी देशात प्रदूषणाचे नवे निकष आले. १९९६ साली दुचाकीला हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून किलोमीटरला ३.६ ग्रॅमची मर्यादा पडली, २००० साली २ ग्रॅमची, २००५ साली दीड ग्रॅमची. या मर्यादांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर. तिथून आकुर्डी काही फार लांब नाही. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीपुरती १९९८च्या अखेरपासून पंपावर सुटं टू-टी ऑइल विकायला बंदी घातली. मुंबईत धुराने त्रासलेल्या रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने लाल समिती नेमली आणि टॅक्सी-रिक्षा सीएनजीकडे वळू लागल्या.

आणि तेव्हा, इतक्या उशिरा, रिक्षाच्या त्या उघड्या दारावर खरा इलाज निघाला. बजाजने ऑस्ट्रेलियाच्या ऑर्बिटल कंपनीचं तंत्र घेऊन २००७ साली आरई जीडीआय ही रिक्षा बाजारात आणली. तिची युक्ती ऐकायला फार साधी आहे: ट्रान्सफरमधून वर जाऊ द्या ती फक्त हवा. पेट्रोल त्यात नकोच. दोन्ही दारं मिटत आली की मग वरून, थेट सिलिंडरमध्ये, हवेच्या झोताबरोबर पेट्रोल फवारा. निसटायचं ते निसटू दे, ती नुसती हवा आहे. डेच्या पेटंटनंतर ११६ वर्षांनी पेट्रोल त्या पोकळीतून बाहेर आलं.

पण तोवर खेळ संपत आला होता. फोर-स्ट्रोक रिक्षा स्वस्तात बनत होत्या, सीएनजी मिळत होता. चेतकचं टू-स्ट्रोक उत्पादन आधीच थांबलं होतं. २०२० साली बीएस-६ आलं तेव्हा नव्या टू-स्ट्रोकला रस्त्यावर जागाच उरली नव्हती. त्याच सुमाराला चेतक हे नाव परत आलं, विजेच्या स्कूटरवर, जिच्यात जळण्यासारखं काहीच नाही.

माळावर

इतिहास इथे संपतो असं वाटतं, कारण आपण रस्त्याचा इतिहास बघतो. दिवाळीच्या आगेमागे जव्हार-मोखाड्याच्या माळांवर गवत सोनेरी होतं, आणि या भागाचं गवत फार पूर्वीपासून मुंबईच्या तबेल्यांकडे जातं. या जिल्ह्यात गवतकापणी हा नुसता हंगाम नाही. १९४५ साली डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी किसान सभेच्या मागे उभं राहून जो संप केला, त्याची मागणी ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये अशी होती. त्या लढ्याची हकिगत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहिली आहे.

आता या उतारांवर विळ्याबरोबर 'ग्रास कटर' ऐकू येतो. खांद्याला पट्टा, हातात लांब दांडा, मागे कमरेजवळ चाळीस-पन्नास सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. बाटलीत पेट्रोल आणि ऑइल मिसळून घेतात, दोरी ओढतात. उतारावर कसंही तिरकं धरलं तरी ते चालतं, कारण पोकळीत ऑइल साठलेलं नाही. वजन कमी, किंमत कमी, दुरुस्ती गावात होते. डेच्या इंजिनाचे सगळे गुण इथे अगदी खरे आहेत, आणि दिवसभर वाकून विळा चालवलेल्या माणसाला ते मशीन नको असं सांगण्याचा अधिकार पुण्यात बसून कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला नाही.

फक्त एवढं सांगता येतं, की या लहान इंजिनांच्या ट्रान्सफर पोर्टवरही जगात काम झालं आहे. कॅलिफोर्नियाने आणि मग अमेरिकेच्या केंद्र सरकारने बागेतल्या यंत्रांना मर्यादा घातल्या, तेव्हा कंपन्यांनी ट्रान्सफरच्या वाटेत आधी स्वच्छ हवेचा एक थर भरून ठेवायची रचना आणली. दार उघडलं की आधी ती हवा वर जाते आणि एक्झॉस्टमधून निसटते ती बहुतांश तीच. पेट्रोलचं मिश्रण तिच्यामागून येतं. इंजेक्शन नाही, संगणक नाही, वाटेच्या आकारातला बदल आणि एक जास्तीची झडप. हवेचा आणि पेट्रोलचा क्रम लावला, एवढंच. कॅलिफोर्नियाने तर २०२४पासून अशा बहुतेक नव्या लहान पेट्रोल इंजिनांची विक्रीच थांबवायचं ठरवलं. तालुक्याच्या दुकानात टांगलेल्या स्वस्त ग्रास कटरमध्ये मात्र बहुधा ती झडप नसते. तिथे १८९२ सालचंच इंजिन असतं, नवीन प्लॅस्टिकमध्ये.

रिक्षाचा धूर शहरातल्या माणसाच्या नाकात गेला, शहरातला माणूस कोर्टात गेला, आणि बजाजने पेट्रोल पोकळीतून बाहेर काढलं. माळावर धूर एकट्या माणसाच्या नाकात जातो, तोच पेट्रोलचे पैसे भरतो, आणि त्याच्या वतीने कुणी याचिका करत नाही. निसटणाऱ्या मिश्रणाचं काय करायचं हे तंत्राला केव्हाच कळलं आहे. ते कुणासाठी करायचं, हे अजून दर वेळी नव्याने ठरतं.